मिरी, जांभळाची साल, ओली पानं, धूर

दिनू, बाटली उघडली रे.

काल दुपारी उघडली, माझ्या मसाला कुटायच्या डंखावर, शटर अर्धं ओढून. घरी नाही. बाटलीने आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही हे बा गेला तेव्हापासून ठरलंय, आणि ते मी तुझ्यासाठीही मोडलं नाही. तू म्हणशील, बाय, आता तरी हट्ट सोड. मेलास तू, मी नाही. माझा हट्ट अजून धडधाकट आहे.

आपलं शेवटचं बोलणं काय झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वनितालाही नाही. तिने विचारलं होतं, "बाय, तुमाला फोन आल्ता ना त्यांचा? काय बोलले?" मी म्हटलं, "सहज केला होता." नवरा गेलेल्या बाईशी मी खोटं बोलले. खरं सांगायला तोंड कुठलं आणू?

खरं तुला ठाऊक आहे. वैशाखातली सकाळ. वर्षाचा मसाला करायला आख्खं शहापूर माझ्या डंखावर लोटलेलं, बायका पिशव्या घेऊन रांगेत, लोखंडी मुसळं दणादणा मिरच्या कुटतायत, सगळ्यांच्या नाकाला फडकी बांधलेली, तरी शिंका चालूच. त्यात तुझा फोन. "बाय, ती बाटली उघडलीस का गो? तीन वर्सं झाली. एकदा वास घेऊन तं बघ." मी खेकसले, "तू मर आधी, मग चाखते!" रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. तूही हसलास. म्हणालास, "शब्द दिलास हां बाय. इसरू नको."

चौथ्या दिवशी वायनरीत टाकी धुता धुता तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळा बाजार जाणतो. दिवसातून दहा वेळा मी कोणाला ना कोणाला मर म्हणते. कोणी मरत नाही. तू कसं रे ऐकलंस?

तेरावं उरकल्यावर डंखाचं शटर वर केलं तर आत मिरीचा वास. काळ्या मिरीचा, ताज्या, आत्ताच कोणी दाताखाली फोडल्यासारखा. तेरा दिवस डंख बंद होता. मिरीचं पोतं तर त्याच्या आधीच संपलेलं. मी डबे उघडले, पोती उलटी केली, मशीनची कुंडी ओल्या फडक्याने पुसून घेतली. वास आपला तिथेच. माझं नाक खोटं सांगत नाही, हे तूच गावभर सांगत फिरायचास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मशीन चालू केलं की मुसळं ज्या ठेक्यात पडतात त्यात मला "चाख ना गो, चाख ना गो" ऐकू यायचं. ऐकत बसले आणि एका बाईचे धणे दोनदा कुटून त्यांचं पीठ केलं. ती भांडली. मी गप्प राहिले, तेव्हा तीच घाबरली. म्हणाली, "बरं हाय ना तुमचं?"

बरं कुठलं? तू खांद्यामागे उभा असल्यासारखा वाटतोस आणि वळलं की पोती.

आपलं भांडण साधं होतं. बा दारूने गेला. हातभट्टीची पिऊन पिवळा पडून गेला आणि आपण दोघं त्याच्या उशाशी बसलो होतो. त्याच्या राखेसमोर मी शपथ घेतली, दारूचा थेंब ओठाला लावणार नाही, घरात येऊ देणार नाही. तू पोरगेला होतास. माझ्या मागोमाग म्हणालास, "मी पन नाय." आणि मग मोठा होऊन नोकरी कुठे धरलीस? कसारा घाट चढून वर, वायनरीत! आधी टाक्या धुवायला, मग हळूहळू वाईन मुरवतात त्या सेलरमध्ये, मग तिथले साहेब तुला चव घ्यायला बोलवायला लागले. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"बाय, ती शेती हाय. द्राक्षं हायेत."

"बाटलीत भरली की दारूच."

"पन मी पीत नाय गो. चव घेतो आनि थुकतो."

हे ऐकून मी इतकी हसले होते, आठवतं? आपल्या उभ्या मुलखात तोंडात घेतलेली दारू थुंकणारा माणूस कोणी पाहिलाय? बा तर सांडलेली बोटाने पुसून चाटायचा. त्याची एकच गोष्ट नीट होती, पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवायचा, गेलेल्यांच्या नावाने. मग उरलेली सगळी स्वतःच्या नावाने. त्याच्या पोटचा तू, आणि म्हणे थुंकतो.

त्यात मी तो ग्लास बघितला. खर्डीला तुझ्या घरी आले होते, अंगणात तू नव्हतास, आणि मोरीच्या कट्ट्यावर स्टीलचा ग्लास, अर्धा भरलेला, लालभडक. मी चपला घातल्या. तू मागून पळत आलास. "बाय, ते थुकलेलं हाय! मी शिकतोय, सराव करतोय, वनिताला इचार!" मी म्हटलं, "बापाने पण मला अशीच शेंडी लावली होती." रिक्षात बसले आणि निघाले. तू रस्त्यात उभा होतास, हातात तो ग्लास घेऊन. त्या दिवसापासून मी तुझ्या तोंडाचा वास घ्यायला लागले. भाऊबीजेला ओवाळताना पुढे वाकायचे ती त्यासाठी. तुला ते कळत होतं का रे? कळत असणार. तू श्वास सोडायचास चांगला मोठा.

आणि तरी तुला माझंच नाक हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी तू ती बाटली आणलीस, जुन्या गमछ्यात गुंडाळून. तुमच्याकडे एक हंगाम काम करायला परदेशातला कोणी वाईनवाला आला होता, जाताना त्याने तुला दिली. सिराह. तुमच्याकडे जिला शिराज म्हणतात तीच द्राक्षं, पण थंड मुलखातली. तू काउंटरवर कोपरं टेकून मला समजावत होतास, "आपल्याकडं ऊन मारतं, द्राक्ष धावत पिकतं, मंग वाईन लागते मुरंब्यासारखी. तिकडं थंडी. द्राक्ष सावकाश पिकतं, गोडवा बेताचा, आनि सालीत मिरीचा वास राहतो. खरी मिरी, बाय! कोन टाकत नाय, आपोआप येते." मला हसू आलं. मिरीचा वास विकत घ्यायला थंड देशात कशाला जायचं, माझ्याकडे ये, पाव किलो देते.

मग तू आवाज खाली आणलास. "आमी अशीच दुसरी वायनरीत चाखली. मिरी कळली. जांभळाची साल कळली. ओली पानं, धूर, ते पन कळलं. पन त्याच्या मागं अजून एक वास हाय. मला म्हाईत हाय तो. नाव सापडत नाय. वास घेतला की रडाया येतं गो. तुझं नाक दे मला एकदा. तू सांगशील."

आणि मी काय म्हटलं? "दारू पोटात गेली की सगळ्यांनाच रडू येतं. बाला पण यायचं."

तू कोपरं उचललीस. बाटली ठेवून गेलास, तिच्याबरोबर एक दांडीचा काचेचा पेला. एवढं सांगून गेलास की मिरच्यांजवळ ठेवू नको, ऊन लागू देऊ नको, माठातल्या पाण्याएवढी गार राहू दे. बाटली मी डंखातल्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. वाळू सुकली की पाणी शिंपडायचे, तीन उन्हाळे. का शिंपडायचे कोण जाणे. तुझ्या पेल्यात मात्र मी दगडफूल भरून ठेवलं, मला माप झालं.

परवा तुझ्या सेलरमधले एक भाऊ आले, तुझी पिशवी घेऊन. कसाऱ्याकडचे, तुझ्या वयाचे. पिशवीत तुझा शर्ट, बूच काढायचा स्क्रू, तो स्टीलचा ग्लास आणि एक दोनशे पानी वही. ते बसले, चहा घेतला, आणि आपणहून म्हणाले, "ताई, दिनूभाऊंसारखं नाक आमच्याकडं दुसरं नव्हतं. दोन वासांच्या मध्ये बाहीचा वास घ्यायचे, नाक साफ करायला. आमी हसायचो. आता सगळेच घेतात." ते तू माझ्याकडून उचललेलं. एकीचा मसाला झाला की दुसरीचा हुंगण्याआधी मी पदर नाकाला लावते.

मी धीर करून विचारलंच. "प्यायचा का हो तो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुळ्या बाईकडे बघावं तसं. "दिनूभाऊ? अकरा वर्सं शेजारी काम केलं, ताई. एक घोट गिळताना नाय पाह्यलं. पार्टीला साहेब आग्रह करायचे, तं म्हनायचे, बहिनीसमोर शपथ घेतलीय."

ते गेले. मी तो स्टीलचा ग्लास हातात घेऊन बसले. अकरा वर्षं तू थुंकत होतास, आणि अकरा वर्षं मी तुझं तोंड हुंगत होते. तुला माझ्या शपथेचं मोल होतं आणि मला तुझ्या शब्दाची किंमत नव्हती. तेराव्याला पानावर बसलेला एक जण म्हणाला, दारूच्या कारखान्यात होता, दुसरं काय होणार. मी ऐकून घेतलं. उठून त्याची गचांडी धरायला हवी होती. धरली नाही, कारण आतून मलाही तेच वाटत होतं. माफ कर म्हणायला आता तू नाहीस, आणि होतास तेव्हा मी म्हटलं नसतं, एवढी मी स्वतःला ओळखते.

मग वही उघडली. पानापानावर तुझं ते तिरकं अक्षर. कुठल्या टाकीतली, कुठल्या शेतातली, आणि पुढे वास. कच्ची चिंच. करवंदाचा चीक. उन्हात तापलेलं पत्र्याचं छप्पर. नव्या वहीचा कागद. वाचताना मला हसू येत होतं, साहेब लोक हे वाचून काय करत असतील? एका पानावर वर लिहिलं होतं, सिराह, थंड हवेची. खाली, मिरी, जांभळाची साल, ओली पानं, धूर. मग एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली, बायला विचारायचं.

त्या अक्षरांवरून पेन किती वेळा फिरलंय ते कागदाच्या मागून बोट फिरवलं की कळतं.

म्हणून काल. गिऱ्हाईक ओसरलं होतं, लाईट गेली होती, मशीन बंद. मी पेल्यातलं दगडफूल काढलं, राखेने घासला, गरम पाण्याने धुतला. बूच काढताना निम्मं आत पडलं, तू असतास तर ओरडला असतास. ओतली. रंग कोकमासारखा असेल असं वाटलं होतं, पण जांभळा होता, कडेला पातळ. नाक जवळ नेलं, तर दगडफूल! पुन्हा धुतला. पुन्हा राख, पुन्हा गरम पाणी, पुन्हा ओतली. पदर नाकाला लावला आणि मग वास घेतला.

मिरी. रोज सकाळी डंखात येतो तोच वास. माझ्या अंगावर काटा आला. मागे वळून बघितलंच मी, खरं सांगते.

पहिला घोट घेतला. आंबट, गार, आणि मग हिरड्या आवळून आल्या, जांभळं जास्त खाल्ली की येतात तशा. तोंडात फिरवला आणि तुझ्या ग्लासात थुंकला. थुंकायला किती अवघड आहे रे ते! घसा आपसूक ओढतो. तू या ग्लासात सराव करायचास तो उगाच नाही. दुसऱ्या घोटाला ओली पानं कळली. सडकी नव्हेत, भिजलेली. आणि धूर, पण विडीचा नाही, जाळ विझल्यावरचाही नाही. चुलीवरचा, मुरलेला. दुसराही थुंकला. तुझ्या ग्लासात तळाला लाल जमलं, त्या दिवशी मोरीवर दिसलं होतं तसंच. मी बघत राहिले.

तिसऱ्या घोटाला डोळे मिटले आणि अंधार झाला. नुसता डोळे मिटल्याचा नाही. बसका, उबदार अंधार, वर पाऊस वाजणारा.

दिनू, ते आईचं इरलं आहे.

तुला ते ठाऊक असायचं कारण नाही. आता प्लास्टिकचे कागद घेऊन भाताची आवणी लावतात. तेव्हा बायका इरलं घ्यायच्या, बांबूच्या कामट्यांवर पळसाची पानं विणलेलं, डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. आईचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिचा बाप विणून द्यायचा. उरलेलं वर्ष इरलं चुलीवरच्या माळ्यावर धुरात पडून राहायचं, कीड लागू नये म्हणून. पाऊस लागला की खाली यायचं आणि पहिल्यांदा भिजलं की त्याचा असा वास सुटायचा. आई ते बांधावर उपडं घालायची आणि त्याच्या पोटात तुला निजवायची. तुला खोकला असायचा सारखा. आवणी सोडून ती मधूनच यायची, पदराच्या गाठीतला मिरीचा दाणा दाताखाली फोडायची, गुळाला लावून तुला चाटवायची. चिखलाचे हात, म्हणून तोंडानेच भरवायची. राखायला बाहेर मी, नऊ वर्षांची, भिजत. जांभळाचं काही सांगता येत नाही. ते जांभूळच असेल.

त्याच वर्षी भादव्यात ती तापाने गेली. तू चार वर्षांचा. इरलं अजून माळ्यावर गेलं नव्हतं, कुडाला टेकून उभं होतं, आणि तू रोज त्याच्यात शिरून झोपायचास. बाहेर काढलं की आकांत. बाला ते बघवेना. होळीच्या सुमाराला राब भाजायला घेतला, भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळा पसरून पेटवतात तो, तेव्हा बाने पिऊन येऊन ते इरलं उचललं आणि जाळात टाकलं. तू त्याच्यामागे धावलास. मी धरेपर्यंत तुझं कोपर भाजलं. तू मोठेपणी विचारायचास, "बाय, हा डाग कसला?" मी सांगितलं, चुलीवर पडलास. "आई कशी होती गो?" आईसारखी, झोप आता. फोटो नव्हताच. दोन महिन्यांत तू रडायचा थांबलास. मला वाटलं, विसरला, बरं झालं. विसरलेलं कशाला उकरायचं? नऊ वर्षांच्या पोरीला एवढीच अक्कल होती. पुढे अक्कल आली, पण तोवर गप्प राहायची सवय लागली होती.

ते सांगणारं या जगात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तू तीन वर्षं माझ्याकडे एवढंच मागत होतास. एक घोट, आणि थुंकायची मुभा.

डोळे उघडले तेव्हा कळलं, तिसरा घोट मी गिळला होता. शपथ मोडली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग मी बोट बुडवलं, बा बुडवायचा तसं, आणि डंखाच्या फरशीवर दोन थेंब उडवले. एक आईला, एक तुला. बाला नाही. त्याचं पुढे कधीतरी बघू.

लाईट आली. समोरच्या दुकानातला पंखा फिरायला लागला. बाहेर एक बाई शटर ठोकत होती, "आहेस का गो आत? माझी हळद राह्यलीय!" मी म्हटलं, थांब जरा. तुझी वही घेतली, काउंटरवरचं पेन घेतलं, आणि तू लिहिलंस त्याच्या खाली लिहिलं, आईचं इरलं. अक्षर वाईट आलंय.

आज सकाळी शटर उघडलं तर मिरीचा वास नव्हता. मी दारात किती वेळ उभी राहिले. यायला हवा होता रे, एक दिवस तरी अजून.

जन्मभर तू म्हणत आलास, बाय, मला आई आठवत नाय. आठवत होती, दिनू. तुला आई आठवत होती.